'आत्ता नाही' म्हणता आलं, म्हणून जातेय

माझी दहावीची मूळ गुणपत्रिका, जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, तीन वर्षांची गुणपत्रकं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, हे सगळं पाच महिने नागपुरात सीताबर्डीतल्या, नर्सेसना परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एका ऑफिसच्या लोखंडी कपाटात पडून होतं. कोणी हिसकावून नेलं नव्हतं. मीच प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट लावून टेबलावर ठेवून आले होते. "ओरिजिनल इथंच राहू द्या मॅडम, तिकडून केव्हा मागतील सांगता येत नाही," असं समोरचा माणूस म्हणाला आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी शिकले त्या नर्सिंग शाळेनंही तीन वर्षं आमचे कागद ठेवून घेतले होते. आपले कागद दुसऱ्याच्या कपाटात असायचे, ही सवय आम्हा नर्सेसना फार लवकर लागते.

आता चार दिवसांनी मी जर्मनीला निघतेय. निघायच्या आधी हे लिहून काढायचं ठरवलं, कारण धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांत रात्रपाळ्या करणाऱ्या माझ्या मैत्रिणी, त्यांच्या मैत्रिणी, सगळ्या एकच विचारतात: "ताई, किती लागले?" त्या कपाटवाल्या ऑफिसात बुडाले ते ३५,००० सोडले तर मला काहीच लागलं नाही. हे सांगितलं की समोरची आधी गप्प बसते आणि मग विचारते, "खरं सांग नं, किती लागले?"

आमचं गाव रामटेक तालुक्यात, पेंचच्या जंगलाकडं. २०१६ साली जीएनएम झाल्यावर दोन वर्षं नागपुरात खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत काम केलं आणि २०१८पासून गावाकडच्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी स्टाफ नर्स म्हणून लागले. पगार २०,०००. करार ११ महिन्यांचा, मग एका दिवसाचा खंड, मग पुन्हा ११ महिने. त्या एका दिवसात कोणी बाळंत व्हायला आलं तर मी घरी बसत नसे, ते वेगळं. माझा धाकटा भाऊ हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला, आम्ही दोघांनी मानेवाड्याला खोली केली होती. ड्युटीचे दिवस मी केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायची आणि सुटीच्या दिवशी एसटीनं नागपूरला यायची.

२०२२च्या दिवाळीनंतर मी त्या ऑफिसात गेले. नोंदणीचे ६०,००० आधी, पूर्ण पॅकेज साडेचार लाखांचं. बाबा दोन एकर गहाण ठेवायला तयार झाले होते. मी जर्मनचा क्लास आधीच लावला होता, धरमपेठेत, दर रविवारी सकाळी. तिथल्या मॅडमना मी एकदा सहज माझ्या कराराची झेरॉक्स दाखवली. वाचनाला सराव म्हणून. अकरा पानं जर्मनमध्ये होती आणि प्रत्येक पानावर मी सही करून बसले होते.

मॅडमनी चष्मा लावला, दोन-तीन पानं उलटली आणि सातव्या पानावर थांबल्या. मग फळ्यावर एक शब्द लिहिला: 'र्‍युकत्सालुंग'. परतफेड. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ९,००० युरो भरायचे. जायच्या आधीच माघार घेतली तर दोन लाख रुपये. आणि नोकरी कुठल्या गावात, कुठल्या संस्थेत, याचा अकराही पानांत कुठं उल्लेख नव्हता. वर्गात आम्ही नऊ जणी होतो. त्यांतल्या चौघी त्याच ऑफिसातून जाणार होत्या. कोणी काही बोललं नाही. मॅडमच म्हणाल्या, "मुलींनो, जिथं जायचं त्याचा पत्ता नाही, आणि नाही गेलात तर काय होईल ते मात्र रुपयांसकट लिहिलंय."

पुढचा सगळा प्रवास मी या एका वाक्यावर तपासत गेले. मला नाही म्हणता येतंय का? या टप्प्यावर मी थांबले तर माझं काय जाईल?

त्या रात्री भावानं मोबाइलवर परराष्ट्र मंत्रालयाचं ई-मायग्रेट पोर्टल उघडलं. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या प्रत्येकाला १९८३च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी असलेल्या एजंटांची यादी तिथं सगळ्यांना बघता येते. आमचं ऑफिस त्यात नव्हतं. भिंतीवर फ्रेम करून लावलेला कागद हा नुसता दुकानाचा परवाना होता. दुसऱ्या दिवशी विचारलं तर उत्तर मिळालं, "जर्मनीला एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही, म्हणून आम्हाला लायसन्स लागत नाही." हे अर्धवट खरं बोलणंच सगळ्यात जास्त फसवतं. क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी देशाबाहेर जायची सरकारी परवानगी, लागतो तो ठरावीक देशांना, त्यांत बहुतेक आखाताकडचे, आणि तोही ठरावीक पासपोर्टवाल्यांना. पण माणसं पाठवायचा धंदा करणाऱ्याला नोंदणी लागतेच, देश कुठलाही असो. शिवाय नोंदणीकृत एजंटसुद्धा आपल्याकडून जास्तीत जास्त ३०,००० आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. माझ्याकडे ६०,०००ची पावती नव्हती, एका डायरीच्या पानावर सही होती.

कागद परत मिळवायला मला चार खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या खेपेला साहेब दिल्लीला. दुसऱ्या खेपेला किल्ली दिल्लीला गेलेल्या साहेबांकडं. तिसऱ्या खेपेला मी आणि भाऊ पोलीस ठाण्यात अर्ज देऊन, त्याची पोच घेऊन गेलो, तेव्हा कपाट उघडलं. फाइल हातात आल्यावर मी तिथंच टेबलाजवळ उभी राहून एकेक पान मोजलं. कौन्सिलच्या प्रमाणपत्राला कोपऱ्यात स्टेपलरचं छिद्र पडलं होतं. चौथ्या खेपेला २५,००० मिळाले. बाकीचे "प्रोसेसिंगमध्ये गेले". त्या नऊ जणींतल्या दोघी मात्र पुढं गेल्या, पैसे भरले होते म्हणून थांबता येईना. त्यांचं पुढं काय झालं ते सांगायचा अधिकार मला नाही.

आई तेव्हा एवढंच म्हणाली, "काम त्यायले पाह्यजे, मंग पैसे तुले काऊन मागून रायले?"

आईच्या या प्रश्नाला भरतीच्या भाषेत 'एम्प्लॉयर पेज' म्हणतात, म्हणजे पैसे मालकानं भरायचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या न्याय्य भरतीच्या तत्त्वांतही तेच आहे: भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारायचा नाही. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईनं चुलीपाशी बसून जे विचारलं, तेच जिनिव्हात ठराव करून लिहावं लागलं.

इंग्लंडचा रस्ताही मी पाहिला होता, खोटं कशाला बोलू. २०२२मध्ये तिथं केअर वर्करचा व्हिसा खुला झाला आणि आमच्या बॅचची वर्ध्याची एक मुलगी बारा लाख भरून गेली. तिथं पोचल्यावर आठवड्याला जेमतेम दहा-बारा तासांचं काम मिळालं, आणि ते सोडावं तर व्हिसा त्याच मालकाच्या नावावर. ती रात्री फोन करायची आणि बोलायची नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. जुलै २०२५मध्ये इंग्लंडनं बाहेरून केअर वर्कर घ्यायचंच बंद केलं.

मला योग्य रस्ता दाखवला तो माझ्या जुन्या हॉस्पिटलमधल्या आयसीयू इन्चार्ज सिस्टरनी. त्या कोट्टयमच्या, तीस वर्षं नागपुरात, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात. त्यांची एक आत्या साठच्या दशकात चर्चमार्फत पश्चिम जर्मनीला नर्स म्हणून गेली होती. सिस्टर म्हणाल्या, "आमच्या केरळात सरकारची नोर्का म्हणून संस्था आहे. तिचा जर्मन सरकारशी करार आहे, 'ट्रिपल विन' म्हणतात. माझ्या भाचीचा एक पैसा गेला नाही. तू पैसे मागणाऱ्यांकडं कशाला गेलीस?" नोर्काचा तो करार २०२१चा. महाराष्ट्रानंही २०२४मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्याची चौकशी मी केली होती, पण माझं काम त्याआधीच दुसऱ्या बाजूनं सरकलं होतं.

ती दुसरी बाजू अशी. जर्मनीत खाजगी भरती संस्थांसाठी सरकारी गुणवत्ता-चिन्ह आहे, 'फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड'. म्हणजे परिचर्येसाठी न्याय्य भरती. ते ज्यांना मिळालंय त्यांची यादी नेटवर असते. त्यांना उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत, आणि करार उमेदवाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. सिस्टरच्या भाचीनं यादीतल्या तीन संस्थांची नावं काढून दिली. मी तिघांनाही पत्र लिहिलं. एकीचं उत्तर आलंच नाही. एकीनं कळवलं की आम्ही सध्या फक्त ऑपरेशन थिएटरच्या नर्स घेतोय. तिसरीकडून आलेल्या पहिल्याच मेलमध्ये शेवटी एक ओळ होती: कृपया मूळ कागदपत्रं कोणाकडेही, आमच्याकडेही, पाठवू नका. ती ओळ मी भावाला दोनदा वाचून दाखवली.

कागदांच्या भागात वेळ गेला तो नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर बाबांचं नाव 'राव' लावून, जन्मदाखल्यावर 'राव'शिवाय, पासपोर्टवर एका अक्षराच्या फरकानं. आपल्याकडं कोणी यावर एक क्षण थांबत नाही. आपलं शिक्षण मान्य करायचं की नाही ते ठरवणाऱ्या तिकडच्या कार्यालयाला आधी हेच समजेना की मुलीच्या नावात मधेच बापाचं नाव कशाला येतं, आणि आलंच तर ते तीन ठिकाणी तीन प्रकारचं कसं. प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा, मानकापूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात पुन्हा जा, असं करता करता साडेचार महिने गेले. ज्यांना जायचं आहे त्यांनी भाषेचा क्लास लावायच्या आधी आपले सगळे कागद एका ओळीत मांडून नाव अक्षर-अक्षर ताडून पाहावं. दुसरा अडला तो अभ्यासक्रमाचा तपशील. तीन वर्षांत कुठल्या विषयाचे किती तास शिकवले, किती तास वॉर्डात काढले, हे शाळेनं लिहून द्यायचं असतं. जर्मनीत नर्सिंगच्या शिक्षणात २,१०० तास वर्गातले आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे असतात, आपले तास त्यांच्याशी एकेक करून जुळवून पाहतात. शाळेतल्या बाबूंनी आधी एका ओळीचं पत्र दिलं: 'कोर्स पूर्ण केला आहे.' खरा तक्ता मिळवायला मी सहा वेळा गेले.

भाषा मात्र मला आवडली. हे सगळ्यांना खरं वाटत नाही.

बी-२च्या, म्हणजे जर्मनच्या चौथ्या पातळीच्या, वर्गात एकदा दुखण्याचे शब्द होते. रुग्णाला विचारायचं, कसं दुखतंय? मॅडमनी जर्मन शब्द फळ्यावर लिहिले आणि आम्हाला म्हणाल्या, प्रत्येकीनं आपल्या गावच्या बाईचं वाक्य आणा. माझ्या वहीत ती यादी अजून आहे. 'डोकं ठणकून रायलं' म्हणजे पॉखेन्ड. 'लघवीले आग होते' म्हणजे ब्रेनेन्ड. 'छातीत चमक निघते' म्हणजे स्टेखेन्ड. 'पोटात मुरडा येते' म्हणजे क्राम्फआर्टिष. 'अंग कसकस करते' याला मात्र शब्द मिळेना. मॅडमनी दोन-तीन सुचवले, कुठलाच बसेना. मी आठ वर्षं बायकांचं दुखणं ऐकत आलेय, पण ठणका आणि कळ यांत नेमका काय फरक आहे हे शब्दात सांगायची वेळ कधी आली नव्हती. त्या रविवारी सांगावं लागलं. सोमवारी केंद्रात एक म्हातारी आली, "पोट दुखते बाई," म्हणाली, आणि मी पहिल्यांदा तिला खाली बसवून विचारलं, "आजी, कळ येते की मुरडा? की नुसतं जड वाटते?"

परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात दिली. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. ऐकण्यात मला ५४ पडले. बाकीचे तीन सुटले होते, त्यामुळं तेवढाच भाग पुन्हा दिला आणि ७१ आले. दुसऱ्या वेळची फी संस्थेनं भरली. आधीच्या क्लासच्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, करार झाल्यावर तेही पैसे त्यांनी परत केले.

मुलाखत व्हिडिओवर झाली, मानेवाड्याच्या खोलीत, पंखा बंद करून, कारण पंख्याच्या आवाजात त्यांना माझं ऐकू येत नव्हतं. एप्रिलचा नागपूर आणि पंखा बंद! समोर तिथल्या नर्सिंग प्रमुख बाई आणि माझ्यासारखीच बाहेरून आलेली एक फिलिपिनो नर्स होती. जागा थुरिंगिया या जर्मन राज्यातल्या एका छोट्या गावातली, वृद्धांच्या निवासाची. त्या बाईंनी आधी चांगलं काही सांगितलंच नाही. म्हणाल्या, "आमचं गाव लहान आहे. तरुण पोरं शहराकडं गेली. संध्याकाळी सहानंतर बस नाही. हिवाळ्यात चारला अंधार पडतो. हे ऐकून घे, मग ठरव." मी म्हटलं, आमच्या गावालाही शेवटची एसटी साडेसहाची आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग कामाचं. आपल्याकडं अंघोळ, कपडे बदलणं, भरवणं हे नातेवाईक करतात आणि नर्स इंजेक्शन, सलाईन, औषधं बघते. तिथं उलट आहे. अंग पुसणं, अंघोळ, जेवण, कूस बदलणं हे नर्सचं मूळ काम मानतात, आणि आपण इथं डोळे मिटून लावतो ती सलाईनची सुई तिथं बरेचदा डॉक्टर लावतात. आधी गेलेल्या कितीतरी मुलींना हे तिथं जाऊन कळलं आणि आपण शिकून खाली आलो असं त्यांना वाटलं. त्या बाईंनी मला सकाळच्या पाळीचं वर्णन करून सांगितलं: सहाला सुरुवात, तुझ्या वाट्याला आठ-नऊ म्हातारी माणसं, प्रत्येकाला किती वेळ, कोण रागावतं, कोण रडतं. विचारलं, "हे तुला जमेल का, आणि जमलं तरी करावंसं वाटेल का?" माझी आजी अर्धांगवायूनं दोन वर्षं खाटेवर होती. दर दोन तासांनी तिची कूस बदलायचं काम माझं होतं, मी दहावीत होते. तिला शेवटपर्यंत एकही शय्याव्रण झाला नाही. हे मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. वाक्यातलं क्रियापद चुकीच्या जागी पडलं, तरी त्या बाई ऐकत राहिल्या.

पैशाचंही त्यांनी स्वतःहून काढलं. माझी पदविका तिकडं पूर्ण मान्य होईपर्यंत मी सहायक म्हणून काम करणार. परिचर्येतल्या सहायकासाठी तिथं जुलै २०२५पासून तासाला कमीत कमी १६.१० युरो ठरले होते आणि पूर्ण मान्यतेच्या नर्ससाठी २०.५० युरो. कर आणि विमा कापून हातात साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास राहतात. भाडं किती, किराणा किती, हे त्या फिलिपिनो ताईनं स्वतःच्या हिशोबाच्या वहीतून वाचून दाखवलं. सीताबर्डीच्या त्या ऑफिसात मला 'महिना अडीच लाख' एवढंच सांगितलं होतं.

करार दोन भाषांत आला, जर्मन आणि इंग्रजी. मी थेट सातवं पान उघडलं. तिथं सुट्यांचं होतं. परतफेडीचं कलम शोधलं तर एकच वाक्य सापडलं: भाषेचा आणि भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून कुठल्याही कारणानं परत मागितला जाणार नाही. मॅडमनी अकराच्या अकरा पानं वाचली तेव्हाच सही केली. हाही अकराच पानांचा निघाला, योगायोग.

त्याआधीच मान्यतेच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं. त्याला 'डेफिझिट-बेशाइड' म्हणतात, म्हणजे काय कमी आहे त्याचा दाखला. नाव वाचून पोटात गोळा येतो, पण ते नकाराचं पत्र नसतं. माझ्या शिक्षणात वृद्धांची परिचर्या आणि घरी जाऊन करायची परिचर्या यांचे तास कमी भरले. ते भरून काढायला एक तर परीक्षा द्यायची, नाही तर तिथं जाऊन काही महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करायचा. मी अभ्यासक्रम निवडला. वृद्धांची परिचर्या आपल्याला वेगळी शिकवलीच नव्हती, तर ती शिकूनच घ्यावी.

आता ज्या गोष्टीनं मला झोप लागत नव्हती, ती सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१०ची एक संहिता आहे, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीबद्दल. ती ऐच्छिक आहे, कायदा नाही. तिच्या आधारानं एक यादी काढतात: ज्या देशांत आधीच डॉक्टर-नर्सेसची टंचाई आहे, तिथून ओढून नेऊ नका. २०२३च्या यादीत ५५ देश आहेत. नेपाळ आहे, बांगलादेश आहे, पाकिस्तान आहे. भारत नाही. दहा हजार माणसांमागे डॉक्टर, नर्स आणि सुईणी मिळून ४९पेक्षा कमी, आणि आरोग्यसेवेच्या व्याप्तीचा निर्देशांक ५५च्या खाली, असं दोन्ही असेल तर देश यादीत येतो. म्हणजे मला घेऊन जाण्यात नियमानं काही चूक नाही.

पण यादी देशाची सरासरी बघते. माझं केंद्र तिला दिसत नाही. आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, आणि आमच्या केंद्रात आम्ही दोन स्टाफ नर्स. मी गेले की एक. रामदासपेठेतून एखादी नर्स गेली तर महिन्याभरात दुसरी येते, आमच्याकडं तसं होत नाही. मुलाखतीच्या शेवटी त्यांनी विचारलं, तुझे काही प्रश्न? मी विचारलं, "माझ्या जागी कोण येईल याचा तुम्ही विचार करता का?" संहितेत लिहिलंय की जे देश माणसं नेतात त्यांनी जिथून नेली तिथल्या शिक्षणाला, व्यवस्थेला हातभार लावावा. त्या बाई जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही. आमच्याकडं तशी काही सोय नाही. असायला हवी." त्यांनी काही बनवून सांगितलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तरी उत्तर 'नाही' हेच होतं, आणि ते मला अजून बोचतं. एका नर्सला शिकवायला आपल्याकडं तीन वर्षं लागतात, कौन्सिलची नोंदणी लागते, सरकारी वॉर्डातले हजारो रुग्ण लागतात. तिकडच्या मालकानं माझं तिकीट काढलं, भाषेचे पैसे दिले, पण या तीन वर्षांचं बिल कोणाकडंच गेलं नाही.

माझी रुजू व्हायची तारीख १ ऑगस्ट ठरत होती. मी आमच्या एमओ सरांना, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, सांगायला गेले. सर म्हणाले, "जा. तुला अडवणारा मी कोण? पण ऑगस्ट?" एवढंच म्हणाले. ऑगस्ट म्हणजे आमच्याकडं नाल्याला पूर, सर्पदंश, हगवण, आणि रस्ता बंद व्हायच्या आधी दिवस भरलेल्या बायकांना केंद्रात आणून ठेवायची धावपळ. मी क्वार्टरवर गेले, तशीच मोबाइलवर मेल लिहिली. जर्मनमध्ये. आत्ता नाही येऊ शकत. पावसाळा होऊन जाऊ दे, माझी जागा भरू दे. नोव्हेंबर चालेल का?

दोन दिवस उत्तर नव्हतं. त्या दोन दिवसांत मला सीताबर्डीचं ते सातवं पान डोळ्यांपुढं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुझ्या इथल्या खोलीचं भाडं तोवर आम्ही भरू, तू नवीन तारीख कळव, आणि पूरक अभ्यासक्रमाची पुढची तुकडी डिसेंबरमध्ये आहे, ती तुला सोयीचीच पडेल. दंड नाही, नाराजी नाही. मी ते पत्र आईला मराठीत करून वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मंग जा. हे माणसं बरे दिसतात."

व्हिसाचं काम सप्टेंबरात झालं, मुंबईला, विदर्भ एक्सप्रेसनं जाऊन-येऊन. त्यात सांगण्यासारखं फार नाही. तिकडच्या मालकानं जलद प्रक्रियेसाठी स्वतः ४११ युरो भरले होते, त्यामुळं पुढचे कागद भराभर हलले.

आणि सप्टेंबरच्या शेवटी थेट मुलाखतीतून आमच्या केंद्रात नवी सिस्टर आली. भिवापूरकडची, तेवीस वर्षांची, पहिलीच नोकरी. पंधरा दिवस आम्ही सोबत ड्युटी केली. मी तिच्यासाठी दोनशे पानी वही केली. सरकारी रजिस्टरात सगळं असतं, पण सगळंच नसतं. कुठल्या पाड्यावर फोन लागत नाही आणि तिथल्या आशाताईला निरोप कोणामार्फत द्यायचा. कोणाचं हिमोग्लोबिन सात आहे आणि ती गोळ्या घेते असं सांगते पण घेत नाही. कोणाची मागची दोन बाळंतपणं वेळेआधी झाली. सर्पदंशावरचं इंजेक्शन फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात, वीज गेली तर आधी काय हलवायचं. कुठला नाला किती पाऊस झाला की बंद होतो. शेवटच्या पानावर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या अकरा बायकांची नावं, नवऱ्याचा नाही तर शेजारच्या ज्याचा फोन लागतो त्याचा नंबर, आणि प्रत्येकीपुढं एक रिकामी चौकट.

दिवाळी झाली. मी आता मानेवाड्याला आहे, बॅग भरतेय. मूळ कागद माझ्या हातातल्या पिशवीत, एक झेरॉक्स भावाकडं, एक गावी आईच्या पेटीत. नवी सिस्टर रोज रात्री फोन करते. काल म्हणाली, "ताई, नवव्या नावाची बाई आली होती. लिहिलं होतं नं तुम्ही, मागच्या वेळी रक्त खूप गेलं होतं म्हणून? मी आधीच एमओ सरांना सांगून १०८ बोलावली, रामटेकला पाठवली. तिथं झाली मोकळी. मुलगी आहे, २ किलो ७००."

"चौकट भरली का?" मी विचारलं.

"भरली. दोन राहिल्या."